परतीची तारीख

आमच्या घरी पोथी ठेवण्याची एक रीत आहे. तांबड्या वस्त्रात गुंडाळलेली पोथी देवघराच्या वरच्या फळीवर असते. श्रावणात ती खाली येते, पाटावर बसते, आणि वाचन संपले की पुन्हा वस्त्रात जाते. पोथीच काय, पण कोणत्याही छापील कागदाला चुकून पाय लागला तरी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो, "पुस्तकाक पांय लागलो न्हय? नमस्कार कर, बाये!" मग मुलगी तो कागद उचलून कपाळाला लावते. तो कधी वह्यापुस्तकांतला असतो, तर कधी वाण्याने पुडी बांधलेला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा असतो. अक्षराविषयीचा हा आदर आमच्या घरात टिकून आहे याचा मला अभिमान वाटे. परंतु आदर आणि परिचय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात यावयास मला फार उशीर लागला. ज्या वस्तूला आपण नमस्कार करतो ती आपण उघडून पाहतोच असे नाही.

मुलांच्या हाती पुस्तक असावे म्हणून आम्ही उभयतांनी कमी खटपट केली होती असे नव्हे. वाढदिवसाला पुस्तक, दिवाळीला पुस्तक, कोणी पाहुणा आला आणि मुलांच्या हातावर काही पैसे ठेवून गेला तर त्याचेही पुस्तकच. पुस्तके चकचकीत असत, चित्रे सुरेख असत. पहिले दोन दिवस ती मुलांच्या हातांत दिसत. तिसऱ्या दिवशी कपाटात जाऊन बसत, आणि संध्याकाळ पुन्हा मोबाइलच्या पडद्यापुढे सरू लागे. भावंडांत भांडण होई ते पुस्तकातल्या गोष्टीवरून नव्हे, पुस्तक कोणाचे यावरून. 'हे माझे आहे, तू हात लावू नकोस,' हे वाक्य आमच्या घरात जितक्या वेळा ऐकू येई तितक्या वेळा पुस्तकातले एकही वाक्य ऐकू येत नसे. दोष मुलांचा नव्हता. विकत आणलेली वस्तू मालकीची होते, आणि मालकीच्या वस्तूची घाई कोणालाच नसते. आज नाही तर उद्या वाचू, असे म्हणण्याची सवलत आपण पैसे मोजून घेतलेली असते.

दोन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा होता. बडोद्यास त्या दिवशी मांडवीच्या विठ्ठल मंदिरातून देवाची मिरवणूक निघते. गुजराती माणसे तिला वरघोडा म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या तोंडीही आता तोच शब्द बसला आहे. दर्शन घेऊन आम्ही बाहेर पडलो तोच पाऊस कोसळू लागला. मांडवीच्या कमानींखाली उभे राहण्यास जागा उरली नव्हती. मुलांचे हात धरून मी वाट फुटेल तिकडे धावले आणि एका मोठ्या जुन्या इमारतीचा आसरा घेतला. डोक्यावरचा पदर पिळता पिळता वर पाहिले, आणि जागच्या जागी थबकले. ते बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय होते.

त्या इमारतीत मी अठ्ठावीस वर्षांत पाऊल टाकले नव्हते. त्याला कारण होते. ते मी पुढे सांगणार आहे. पावसात भिजलेल्या मुलांना त्या कारणाची काय पर्वा? धाकटा केव्हाच आत गेला होता.

मी त्याच्यामागे गेले तेव्हा तो मान वर करून छताकडे पाहत उभा होता. "आई, बघ ना, वरती कोणीतरी चालते आहे, आणि त्याची सावली दिसते आहे!" तेथील पोलादी फडताळांच्या मजल्यांना काचेच्या जाड फरशा आहेत. वरून आलेला दिवसाचा उजेड त्यांतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा आणि पुस्तकांच्या रांगांतून अंधार राहू नये, अशी ती योजना. चाळीस वर्षांच्या वयात पुष्कळ मोठ्या वास्तू पाहिल्या, परंतु चालत्या माणसाची सावली डोक्यावरून सरकत जावी असे स्थळ मी दुसरे पाहिले नाही. माझ्या लहानपणी वडील मला सुटीच्या दिवशी येथेच आणीत. "देवळात वाजवीत नाहीस ना पाय? मग इथेही वाजवू नकोस," एवढाच त्यांचा नियम असे. आमचे आजोबा कारवारकडून नोकरीच्या निमित्ताने बडोद्यास आले आणि येथलेच झाले. घरात कोंकणी, वाचावयास मराठी आणि रस्त्यावर गुजराती, असा आमच्या कुटुंबाचा त्रिवेणी कारभार. वडिलांचा बहुतेक सारा ग्रंथसंग्रह या इमारतीतच होता. घरी पंचवीस-तीसच पुस्तके होती. पण आपण गरीब आहोत असे त्यांना पुस्तकांच्या बाबतीत कधी वाटल्याचे मला आठवत नाही.

या संग्रहाची कथा बडोदेकरांना ठाऊक असते, पण ठाऊक असलेल्या गोष्टींचाच आपल्याला विसर पडतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात १८६३ साली जन्मलेला एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत ज्याला रीतसर शिक्षण मिळाले नव्हते, त्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. परंतु शाळा सोडल्यावर मुलाच्या हाती वाचावयास काही आले नाही, तर शिकलेली अक्षरे पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसून जातात, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले, आणि लक्ष्मीविलास राजवाड्यातील स्वतःचा सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह या कामासाठी देऊन टाकला. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. त्यांनी बडोद्यासाठी ग्रंथांच्या वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धती आखली, १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढला, आणि पुस्तकांची फडताळे वाचकाला मोकळी केली.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. कुलूप आणि किल्ली यांच्यामधून ग्रंथ सोडवणे हे राजवाड्यातून ग्रंथ बाहेर आणण्याइतकेच मोठे काम होते. धाकट्याला त्या दिवशी कोणी 'हात लावू नकोस' म्हटले नाही. ते वाक्य ऐकण्याची सवय झालेला मुलगा प्रत्येक पुस्तकाला आधी एक बोट लावून पाहत होता.

ग्रंथालये आपल्याकडे त्यापूर्वीही होती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. पणजीचे ग्रंथालय १८३२ चे. 'कृष्ण चरित्र कथा' लिहिणाऱ्या केळशीच्या कृष्णदास शामा यांचे नाव आज त्याला दिलेले आहे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. 'वाचन मंदिर' हा शब्द आपल्या माणसांनी अशा ठिकाणी उगीच वापरलेला नाही. परंतु ही ग्रंथालये बहुधा शहरातील शिकलेल्या, वर्गणी देऊ शकणाऱ्या मंडळींची होती. बडोद्याने निराळे केले ते हे की ग्रंथालय खेड्यापर्यंत नेले. त्याची व्यवस्था ऐकली म्हणजे देवस्थानाच्या कामात वावरलेल्या वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल. गावकऱ्यांनी वर्षाकाठी काही रक्कम उभी करावी. तेवढीच प्रांताच्या पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. खेड्याच्या वाचनालयासाठी ही मर्यादा १०० रुपयांची होती. सारे सरकारने द्यावे आणि गावाने नुसते घ्यावे, असे तेथे नव्हते. उत्सवाची वर्गणी दिलेला माणूस उत्सवाच्या मांडवात ज्या हक्काने बसतो, त्या हक्काने खेडूत वाचनालयात बसावा, ही त्यामागची दृष्टी. आणि जेथे वाचनालयही नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवीत. वाचून झाल्यावर ती पेटी परत यायची आणि दुसऱ्या गावाच्या वाटेला लागायची.

या कामाचा मोठा भार ज्यांनी वाहिला ते मोतीभाई अमीन हे चरोतर भागातील एक शिक्षक. बॉर्डन यांच्यानंतर ग्रंथालयांचा कारभार ज्यांच्याकडे आला ते जनार्दन सखाराम कुडाळकर. त्यांच्या संपादनाखाली 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक १९१२ पासून बडोद्याहून निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांना जागा होती. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मासिकाच्या वाचकांना तरी या गोष्टीचे अप्रूप वाटावे.

मुलांसाठी म्हणून त्या काळीच येथे निराळी खोली होती, आणि तिच्यात चित्रांच्या पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. स्त्रियांसाठी स्वतंत्र वाचनालय होते. मूल वाचावयास लागले म्हणजे त्याला ग्रंथालयात घ्यावे असे नव्हे, ग्रंथालयात घेतले म्हणजे ते वाचावयास लागते, हे शंभर वर्षांपूर्वी येथे कोणाला तरी उमगले होते. मी मात्र माझ्या मुलांना पावसाने ढकलले तेव्हा तेथे आणले.

पाऊस थांबला. मुले निघेनात. दुसऱ्या आठवड्यात अर्ज भरला, अनामत दिली, आणि दोघांना पुस्तके घरी नेता येऊ लागली. मुलीने पहिले पुस्तक निवडले ते गुजराती निघाले; गिजुभाई बधेकांच्या बालवार्तांचे. माझा चेहरा पडला असावा. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत गुजराती; मराठीसाठी म्हणून येथे आणावे तर येथेही पुन्हा गुजरातीच! "मराठीचे घे ना एखादे," मी म्हटले. ती म्हणाली, "मराठीची अक्षरे दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात." गुजराती लिपीला शिरोरेषा नसते, ही गोष्ट लहानपणापासून पाहत असूनही मला असे काही सुचले नव्हते. मी हट्ट केला नाही. करावयाला तोंडही नव्हते. गिजुभाईंच्या भावनगरच्या बालमंदिरात १९२३ पासून त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठीच होत्या, आणि तेथले बालशिक्षण पुढे बोर्डी-कोसबाडपर्यंत मराठी मुलुखात त्यांनीच आणले. अमराठी पुस्तकाच्या वाटेने मूल मराठीकडे येणारच नाही असे म्हणण्याचा अधिकार बडोद्याच्या माणसाला तरी नाही. सयाजीराव, मोतीभाई आणि गिजुभाई हे तिघेही १९३९ या एकाच वर्षी गेले. त्यांतला एक मराठी आणि दोघे गुजराती. आणि माझ्या मुलीच्या हातातले ते पुस्तक तिघांच्याही कष्टांचे फळ होते.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो परत करण्याचा. "म्हणजे हे आपले नाही?" धाकट्याने विचारले. नाही. "मग कोणाचे?" सगळ्यांचे. "मग आपलेही आहे ना?" आहे. "मग परत का द्यायचे?" वेदान्ताच्या ग्रंथांतून असे प्रश्न आले तर आपण टीका पाहू शकतो, पाच वर्षांच्या मुलापुढे टीका उपयोगी पडत नाही. त्याला मी प्रसादाचे उदाहरण दिले. देवळात पुजारी तीर्थ देतो तेव्हा आपण हात पुढे करतो, घेतो, आणि बाजूला होतो. तेथेच उभे राहून तांब्या आपल्याकडे ओढून धरीत नाही, कारण मागे रांग आहे. त्याला ते पटले असावे. पुढे काही दिवस तो पुस्तक वाचताना मधूनच मागे वळून पाहत असे, रांगेत कोण उभे आहे म्हणून.

आणि एक बदल असा झाला की जो मी अपेक्षिला नव्हता. पुस्तकावर परतीची तारीख होती, म्हणून ते वाचले जाऊ लागले. विकत घेतलेल्या पुस्तकाला 'उद्या' असते. आणलेल्या पुस्तकाला चौदा दिवस असतात. मुलीने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर एकादशी, संकष्टी आणि दुधाचा हिशेब यांच्या शेजारी पेन्सिलीने ती तारीख मांडली. भावंडांतले 'माझे-तुझे' अगदी गेले असे म्हणणार नाही. पण वाद आता 'आधी कोण' यावरून होऊ लागला, आणि हा वाद मला पुष्कळ बरा वाटला.

आता ते कारण सांगितले पाहिजे.

श्रावण संपत आला असता मुलीने घरातच एक ग्रंथालय काढण्याचे ठरवले. कपाटातली तीच जुनी, भांडणाची पुस्तके तिने बाहेर काढली आणि प्रत्येकात तारखेचा कागद चिकटवू लागली. पुस्तके शोधता शोधता ती माझ्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणापर्यंत पोहोचली. थोड्या वेळाने हाक आली, "आई, ह्याला तारखेचा कागद आधीच आहे!" तिच्या हातात तपकिरी कागदाचे वेष्टण घातलेले एक मराठी प्रवासवर्णन होते. आत ग्रंथालयाचा गोल शिक्का होता, आणि शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखांच्या रांगा. शेवटची तारीख १९९६ च्या ऑगस्टमधली होती. बोटांवर मोजून तिने आकडा काढला आणि माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. आपण काहीतरी चुकीचे वाचले असावे, अशी शंका होती.

ते पुस्तक माझ्या वडिलांनी आणलेले होते. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. पुस्तक घरी आले आणि चार दिवसांत वडील अकस्मात गेले. परतीची तारीख आमच्या घरच्या सुतकात येऊन गेली. नंतर कोणाला आठवण राहिली नाही. मला राहिली, पण दंड किती झाला असेल या भीतीने मी गेले नाही. पुढे भीती गेली आणि तिची जागा निराळ्याच भावनेने घेतली. वडिलांनी हातात धरलेली ती शेवटची वस्तू होती. ती द्यावी असे मला वाटेना. ग्रंथालयाच्या रस्त्याने जाणे मी टाळू लागले, टाळण्याची सवय झाली, आणि सवयीला काही वर्षांनी कारण लागत नाही. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा साड्यांच्या घडीत ते पुस्तकही आले. वर्षातून एकदा, वडिलांच्या तिथीला, मी ते बाहेर काढी, कपाळाला लावी आणि पुन्हा ठेवून देई.

हे सारे मी मुलीला सांगितले. सांगणे सोपे नव्हते. ज्या तोंडाने मी तिला तीर्थाची रांग सांगितली त्याच तोंडाने हे सांगावयाचे होते. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्यात काय आहे?"

"कशात?"

"पुस्तकात. गोष्ट काय आहे?"

मला सांगता येईना. अठ्ठावीस वर्षे ते पुस्तक माझ्याजवळ होते, आणि मी ते वाचले नव्हते. मी त्याला नमस्कार केला होता.

पुस्तक उघडले तेव्हा साधारण मध्यावर बसचे एक तिकीट खुणेसाठी घातलेले सापडले. वडील तेथवर पोहोचले होते. त्या रात्रीपासून आम्ही ते पहिल्या पानापासून वाचावयास घेतले. प्रथम मी वाची आणि मुले ऐकत. भाषा मुलांची नव्हती. अडलेला शब्द सासूबाई कोंकणीत समजावून देत आणि कधी कधी तो मूळ मराठी शब्दापेक्षा नेमका असे. तिकिटाच्या पानाशी आलो त्या रात्री माझा आवाज नीट निघेना. मुलीने पुस्तक माझ्या हातून घेतले आणि दोरीवर वाळत घातलेली ती अक्षरे एकेक करून, अडखळत, ती वाचू लागली. वडिलांचे जेथे राहिले होते तेथून पुढचे वाचन तिने केले. सगळे नव्हे, पण पुष्कळ केले.

मग परत करणे आले. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, आता एवढ्या वर्षांनी कोण विचारतो, राहू दे वडिलांची आठवण म्हणून. मलाही क्षणभर तसे वाटले. परंतु आपल्याकडे माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे सांगितले आहे: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते. मी मात्र पितरांचे ऋण म्हणून जे कपाटात जपून ठेवले होते, ते खरे पाहता ऋषींचे होते. ते जपून फिटणारे नव्हते, वाचून आणि पुढे देऊन फिटणारे होते. वडील हयात असते तर त्यांनी ते पुस्तक ठरल्या दिवशी परत केले असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांची आठवण म्हणून मी जे करीत होते ते त्यांनी जन्मात कधी केले नव्हते.

आम्ही तिघे गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी पुस्तक उघडले, कागदावरची तारीख पाहिली, चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बहु मोडुं कर्युं, बहेन." फार उशीर केलात, बाई. इतकेच. मी सांगण्यासाठी जी वाक्ये तयार करून नेली होती ती सांगावी लागली नाहीत. त्यांनी सांगितलेले किरकोळ पैसे भरले. बसचे तिकीट मी काढून घेतले होते. ते आता देवघरातल्या पोथीत आहे, आणि यंदाच्या श्रावणात अध्यायाची खूण म्हणून सासूबाईंनी तेच वापरले.

त्यानंतर दर पंधरवड्याला आमची फेरी होते. मुलीची आणलेली पुस्तके अजूनही बहुतेक गुजराती असतात, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादे दोरीवरचे असते. प्रत्येक वेळी ती एकदा मराठीच्या फडताळाशी जाऊन ते तपकिरी वेष्टणाचे प्रवासवर्णन जागेवर आहे ना, ते पाहून येते. कित्येक महिने ते तेथेच होते. मागल्या खेपेस ती आणि धाकटा दोघे गेले, आणि धाकटा धावत परत आला. "आई, आजोबांचे पुस्तक हरवले!"

मुलगी त्याच्यामागून सावकाश आली. पाय न वाजवता चालण्याची तिला आता सवय झाली आहे.

"हरवले नाही रे," ती म्हणाली. "कोणीतरी वाचायला नेले आहे."